वाफ्यातला शेजार आणि वेळेचे गणित

टोमॅटोशेजारी तुळस लावा, गाजराशेजारी कांदा लावा, बटाट्याजवळ सूर्यफूल नको, असे तक्ते हल्ली बागकामाची आवड असलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडतात. एका रकान्यात पिकाचे नाव, दुसऱ्यात त्याचे मित्र, तिसऱ्यात शत्रू. यातला बराचसा मजकूर थंड देशांतून आलेला आहे. अमेरिकेत १९७५ साली निघालेल्या 'कॅरट्स लव्ह टोमॅटोज' या पुस्तकाने ही कल्पना घरोघर पोहोचवली आणि तेव्हापासून तेच तक्ते फिरत राहिले. कांदा आणि गाजर ही जोडी तिकडच्या गाजरमाशीसाठी सुचवलेली. ती माशी थंड हवेतली. आपल्या गाजराला तिचा जाच नाही, त्यामुळे त्या जोडीतून आपल्याला हाती काही लागत नाही.

सरसकट सगळे तक्ते खोटे आहेत, असे मी म्हणणार नाही. पण त्यांत पिकांची नावे असतात. तारखा नसतात, प्रमाण नसते. झेंडू टोमॅटोला उपयोगी पडतो हे खरे. मात्र किती झेंडू, कोणत्या जातीचा, किती वयाचा आणि कोणत्या किडीसाठी, हे कळल्याशिवाय त्या वाक्याचा वाफ्यात काहीही उपयोग नाही. एकमेकांना पूरक अशी पिके शेजारी लावणे हे बहुतांशी वेळेचे गणित आहे, आणि ते एकदा समजले की तक्ता हातात नसला तरी अडत नाही.

आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक ओळ अशी पेरणी घ्या. बाजरी अडीच-तीन महिन्यांत कापणीला येते. तूर सुरुवातीला रेंगाळत वाढते, त्या काळात तिला फारशी जागाही लागत नाही आणि अन्नही. बाजरी निघाली की मोकळ्या झालेल्या उन्हात ती अंग धरते आणि जमिनीतल्या खोल ओलीवर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. दोन्ही पिकांना भूक लागते ती वेगवेगळ्या महिन्यांत. उत्तर अमेरिकेतल्या होडेनोशोनी लोकांची मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिकांची पद्धत जगभर सांगितली जाते. तिच्यातही खरी मेख वेळेचीच आहे. मका वीतभर वर आला की मगच त्याच्या बुडाशी घेवडा टोचायचा, आणि भोपळा त्यानंतर. तिन्ही बिया एकाच दिवशी पेरल्या तर घेवडा कोवळ्या मक्यावर चढून त्याला लोळवतो. आपल्याकडे पावसाळ्यात मका, वेली चवळी आणि लाल भोपळा यांवर हा प्रयोग चांगला होतो. फक्त मका एका ओळीत न लावता चौकोनी ठोकळ्यात लावावा, कारण त्याचे परागीभवन वाऱ्यावर होते आणि एकेरी ओळीत कणसे अर्धीच भरतात.

परसबागेत हेच गणित कोबीच्या वाफ्यात सर्वांत सोपे दिसते. कोबीची रोपे दीड-दीड फुटावर लावली की पहिला महिनाभर मधली माती उघडीच असते. त्या जागेत मेथी विस्कटावी. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत जुडीला येते, म्हणजे कोबीची पाने एकमेकांना टेकायच्या आत ती स्वयंपाकघरात पोहोचते. कोथिंबीर चाळीस दिवसांच्या आसपास घेते, ती जरा कडेला बरी. जागा वाचते हा यातला उघड फायदा. दुसरा फायदा किडींच्या बाबतीतला आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

उग्र वासाची झाडे शेजारी लावली की किडी वासानेच दूर पळतात, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडमध्ये वेल्सबर्न येथील उद्यानविद्या संशोधन केंद्रात स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर यांनी कोबीच्या मुळांवर येणाऱ्या माशीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून २००० साली वेगळेच स्पष्टीकरण मांडले. कोबीचा वास आला की ही माशी उडता उडता खाली उतरते. पण नेमके कुठे उतरायचे हे ती डोळ्यांनी ठरवते, आणि तिला एवढेच कळते की खाली हिरवे काही आहे की नाही. तपकिरी माती ती टाळते. हिरव्या पानावर उतरली की पायांनी चव घेते, थोडे चालते, छोटीशी भरारी घेऊन पुन्हा जवळच उतरते, पुन्हा चव घेते. एकदा कोबीचे पान लागले तरी तिचे समाधान होत नाही. लागोपाठ काही वेळा कोबीच लागला तर ती अंडी घालायला मातीत उतरते. मध्येच दुसऱ्या कशाचे पान पायाखाली आले की शोध मोडतो, आणि तसे वारंवार झाले की ती निघून जाते.

म्हणजे स्वच्छ खुरपलेल्या, उघड्या मातीच्या वाफ्यात उभा असलेला कोबी हा तिच्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. तिथे हिरवे म्हणून जे काही आहे ते सगळे कोबीच आहे. मध्ये मेथीची हिरवळ असली की प्रत्येक उतरण्याला चुकण्याची शक्यता वाढते. हिरव्या कागदाची कृत्रिम पाने भोवती ठेवली तरी माशीची अंडी कमी झाल्याचे या प्रयोगांत दिसले. कागदाला कसला आलाय वास! याच संशोधकांनी पुढे २००३ साली सुगंधी आणि बिनवासाच्या वनस्पती कोबीभोवती लावून तुलना केली, तेव्हा सुगंधी वनस्पती सरस ठरल्या नाहीत. ही माशी आपली नाही, हे खरे, आणि प्रत्येक कीड अशीच वागते असेही नाही. पण पाहुण्या पिकाची निवड करताना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. नेमकी कोणती जात लावली यापेक्षा मुख्य पीक कोवळे असताना भोवतीची माती हिरवी झाकलेली आहे का, हे आधी पाहावे. पुदिना विकत आणून कोपऱ्यात एक कुंडी ठेवण्यापेक्षा घरातली मूठभर मेथी वेळेवर विस्कटणे मला जास्त भरवशाचे वाटते.

आता झेंडू. एकाच झाडाकडून दोन निरनिराळी कामे अपेक्षित असतात आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे बहुतेकांची निराशा होते.

पहिले काम सापळ्याचे. टोमॅटोचे फळ पोखरणारी हिरवी अळी हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून ओळखली जाते. तिच्या पतंगाला कळ्या-फुलांचा सोस. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात यावर जी शिफारस दिली ती देशभर वापरली जाते: टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे आफ्रिकन झेंडूची एक ओळ, आणि लावणीच्या दिवशी झेंडूचे रोप ४५ दिवसांचे तर टोमॅटोचे २५ दिवसांचे. वयातला हा वीस दिवसांचा फरक हाच शिफारशीचा प्राण आहे. टोमॅटो फुलावर यायच्या सुमारास झेंडूच्या कळ्या तयार असाव्यात, म्हणजे पतंग अंडी घालायला तिकडे वळतो. रोपवाटिकेतून दोन्ही रोपे एकाच दिवशी आणून लावली तर झेंडू मागे पडतो आणि त्याला कळ्या येईपर्यंत टोमॅटोवर अंडी पडून गेलेली असतात. जातही उंच वाढणारी, मोठ्या नारिंगी किंवा पिवळ्या फुलांची हवी. बुटका फ्रेंच झेंडू दिसायला देखणा, पण या कामाला दुबळा.

आणि सापळा लावला की तो रिकामाही करावा लागतो. झेंडूची कळी बोटांनी हलकेच उघडून पाहावी. पाकळ्यांच्या बुडाशी भुशासारखी ओलसर विष्ठा दिसली की आत अळी आहेच. अशी फुले खुडून साबणाच्या पाण्यात टाकावीत. दोन-तीन दिवसांआड हे केले नाही तर झेंडू अळ्यांचे आजोळ होतो आणि पुढची पिढी थेट टोमॅटोवर येते. दसरा-दिवाळीला एकजात सगळी फुले तोडली तरी सापळा नाहीसा होतो, म्हणून काही कळ्या मुद्दाम झाडावर ठेवाव्यात.

कोबीसाठी याच संस्थेची मोहरीची शिफारस आहे. कोबीच्या पानांची चाळण करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर जास्त अंडी घालतो. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली कोबी लावण्याआधी १५ दिवस पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर २५ दिवसांनी. एकदाच पेरलेली मोहरी म्हातारी होते आणि कोबीचा गड्डा धरायच्या ऐन वेळी तिचे आकर्षण संपते, त्यासाठी ही दुसरी पेरणी. या पतंगाची अळी ओळखायला सोपी आहे. फिकट हिरवी, जेमतेम एक सेंटिमीटरची. पानाला धक्का दिला की ती अंग झटकते आणि बारीक धाग्याला लटकून खाली सुटते.

झेंडूचे दुसरे काम मातीतले. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतले अल्फा-टरथायनिल हे द्रव्य मारक ठरते. ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध आहे, पण तिची अट कडक आहे. संपूर्ण वाफ्यात झेंडू दाट लावून तो किमान दोन-तीन महिने उभा ठेवावा लागतो आणि नंतर तिथेच मातीत गाडला तर उत्तम. टोमॅटोच्या बुडाशी एखादे रोप टोचून सूत्रकृमी जात नाहीत. म्हणजे या कामात झेंडू टोमॅटोचा शेजारी नसतो. तो त्या जागेचा आधीचा भाडेकरू असतो. उन्हाळी झेंडूबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत त्याच्यावर लाल कोळी फार लवकर चढतो. पानाखाली बारीक जाळे आणि वर फिकट ठिपके दिसले की ते झाड उपटून टाकलेले बरे, कारण कोळी तिथून वांग्यावर सरकतो.

शेंगवर्गीय पिकांविषयीही असाच एक गोड गैरसमज आहे. चवळी, घेवडा, वाल हे शेजारच्या पिकाला नत्र देतात, असे सांगितले जाते. देतात, पण उशिरा. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडतात आणि तो आधी त्या वेलालाच मिळतो. शेजाऱ्याला मिळणारा वाटा मुख्यतः मुळे आणि पालापाचोळा कुजल्यावरचा, म्हणजे बऱ्याचदा पुढच्या पिकाचा. म्हणून चवळी संपली की वेल उपटू नये. जमिनीलगत कापावा, मुळे आत राहू द्यावीत आणि त्या जागी पालक किंवा कोबीसारखे खादाड पीक घ्यावे.

गाठी काम करतात की नाही हे पाहायचे असेल तर फुलोऱ्यात आलेले चवळीचे एक झाड ओल्या मातीतून हळूच उकरून काढा. मोहरीएवढ्या ते ज्वारीएवढ्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या दिसतील. एक गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्राचे काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. पांढरट असेल तर काम सुरू झालेले नाही, आणि हिरवट-तपकिरी असेल तर आटोपले आहे. याच वेळी सूत्रकृमींचीही तपासणी होऊन जाते. रायझोबियमची गाठ बोटाने घासली की मण्यासारखी सुटून येते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेले असते. चवळीवर दोन्ही एकाच वेळी सापडू शकतात, म्हणून गाठ दिसली की लगेच हुरळून जाऊ नये.

मित्रकिडींचा विचार केला तर परसबागेतले सर्वांत दुर्लक्षित पीक म्हणजे फुलावर गेलेली कोथिंबीर. आपण ती तुरे यायच्या आत काढतो आणि निगुतीचे काम केल्याच्या समाधानात असतो. पण कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची छत्रीसारखी फुले अगदी उथळ असतात आणि त्यांतला मकरंद आखूड तोंडाच्या कीटकांनाही सहज मिळतो. सिरफिड माशी तिथे येते. तिची अळी मावा खाते. किडींच्या अंड्यांत आणि अळ्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या तिथे येतात. प्रौढ कीटकाला हे खाद्य जवळपास मिळाले तर तो टिकतो आणि आपल्याच वाफ्यात काम करतो. तेव्हा दर पंधरवड्याला थोडी कोथिंबीर पेरत राहावी आणि प्रत्येक खेपेची चार-पाच रोपे तुऱ्यावर जाऊ द्यावीत, म्हणजे थंडीभर फुलांत खंड पडत नाही. चवळीच्या शेंड्यावर मावा दिसला की घाईने फवारणी करू नये. तो मावा वांग्यावर सहसा जात नाही आणि त्याच्या मागोमाग ढालकिडे येतात. काळसर, नारिंगी खुणांच्या, बारीक मगरीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या अळ्यांना पुष्कळ जण कीड समजून चिरडतात. त्या प्रौढ ढालकिड्यापेक्षाही खादाड असतात. त्यांना हात लावू नये.

हे सगळे एका वाफ्यात कसे बसवायचे? चार फूट रुंद, दहा फूट लांब असा हिवाळी टोमॅटोचा गादीवाफा धरू. ऑगस्टच्या मध्यावर उंच झेंडूचे बी ट्रेमध्ये पेरावे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोचे. महिनाअखेरीस पावसाची झड ओसरली की वाफ्यात टोमॅटोच्या दोन ओळी, दीड फुटाच्या अंतरावर. संस्थेच्या प्रमाणाने एवढ्याशा वाफ्याला एखादेच झेंडूचे झाड येईल; माझ्या मते घरी दोन्ही टोकांना दोन-दोन लावावीत, एक मेले तरी सापळा राहतो. टोमॅटोच्या दोन ओळींमध्ये त्याच दिवशी मेथी किंवा मुळा. ती काढल्यावर टोमॅटोच्या सावलीत पालक. दक्षिणेच्या कडेला कोथिंबीर आणि शेपू, कारण ती ठेंगणी आहेत आणि टोमॅटोचे ऊन अडवत नाहीत. चवळी या वाफ्यात नको. ती शेजारच्या वाफ्यात असावी, म्हणजे पुढच्या हंगामात जागा बदलता येते.

काही शेजार टाळायचे आहेत आणि त्यांची कारणे साधी आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले. त्यांची मर एक, बऱ्याच किडी एक. त्यांना एकत्र लावणे म्हणजे रोगाला चालायचे अंतर कमी करणे. कांदा आणि पालक यांच्यात वैर नाही, पण कांदा पोसल्यावर काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे लागते आणि पालकाला त्याच दिवसांत पाणी हवे असते. अशा वेळी दोघांपैकी एकाची नासाडी ठरलेली. मिरचीभोवती मक्याच्या दोन दाट ओळी लावल्या तर पांढरी माशी आणि मावा यांना थोडा अटकाव होतो. तरी एकदा चुरडामुरडा आलेले झाड कोणत्याही शेजाऱ्याने सुधारत नाही. ते उपटून लांब नेऊन टाकायचे. वांग्याच्या शेंडेअळीवरही मला आजवर भरवशाची सोबत दिसलेली नाही. तिथे सुकलेला शेंडा अळीसकट खाली कापून नष्ट करणे हाच उपाय, आणि तो रोज सकाळी करायचा.

दाटी हा या पद्धतीचा खरा शत्रू आहे. हिरवी माती हवी म्हणून टोमॅटोच्या बुडाशी वारा कोंडला तर करपा येतो. टोमॅटो गुडघाभर झाला की खालची पाने काढावीत, बांबूला बांधून घ्यावे आणि मधले पीक वेळेवर उचलावे. मेथी जुनी झाली तरी ठेवून द्यायचा मोह होतो. तो टाळावा.

गच्चीवर कुंड्या किंवा ग्रो बॅग असतील तर मातीतली गणिते बहुतेक गळून पडतात, कारण मुळे एकमेकांना भेटतच नाहीत. एका बॅगेत दोन मोठी पिके कोंबू नयेत. फुलांचे आणि सापळ्याचे काम मात्र कुंडीतही तेवढेच चालते, आणि तिथे एक सोय जास्तीची आहे: झेंडूची कुंडी उचलून हवी तिथे नेता येते. कोकणातल्या मोठ्या परसाचे गणित आणखी निराळे, तिथे वाटणी उन्हाची होते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग' म्हणजे नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी बसवण्याची पद्धत. ज्यांच्या घरामागे नारळ आहेत त्यांनी वाफ्यांआधी तिचा विचार करावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटोचा हंगाम संपला की मात्र झाड कापून मोकळे होऊ नये. चवळीची मुळे जमिनीत ठेवायची आणि टोमॅटोची उपटून पाहायची. मुळे सरळ, तंतुमय, स्वच्छ असतील तर त्या वाफ्यात उन्हाळी चवळी किंवा गवार घ्यावी. मुळांवर गाठी असतील तर ती मुळे कंपोस्टमध्ये न टाकता उन्हात वाळवून जाळावीत, आणि चवळी, भेंडी, काकडी यांपैकी काहीही तिथे लावू नये, कारण सूत्रकृमींना तीही चालतात. वाफा खणून एप्रिल-मेच्या उन्हात तापू द्यावा. पाऊस सुरू झाला की अख्ख्या वाफ्यात वीत-दीड वीत अंतराने झेंडू लावावा आणि दसऱ्यापर्यंत तिथे दुसरे काही लावू नये. त्या वर्षीचे टोमॅटो शेजारच्या वाफ्यात, चवळीच्या जागी.